इतर काही असल्यास

“आगाय, त्या पिवळ्या चिठ्ठ्या कुठं गेल्या?” उमसुनाईनं तिसऱ्या दिवशीच्या वर्गात हात वर करून विचारलं, तेव्हा आगाय, म्हणजे मास्तर एसेनकुल, फळ्यावर बाण काढत होता. मान न वळवताच, ताईला म्हणावं तसं एजे म्हणत, तो म्हणाला, “नव्या सिस्टिममध्ये त्या नाहीत, एजे. लागल्या तर नव्या करता येतात. पुढच्या आठवड्यात दाखवतो.” मागच्या खुर्चीवरून तालाय ओरडला, “एजे, जुनी सिस्टिम मेली, आता किती दिवस रडणार? म्हणत असाल तर तिचं चाळिसाव्या दिवसाचं जेवण घालू. मेंढी माझ्याकडून.” सगळे हसले. विभागप्रमुख मीरगुल फायलीत तोंड खुपसून बसली होती, तीही हसली. एसेनकुल स्वतःही हसला, कारण हशा झाला की वर्ग जागा आहे असं समजायचं, ही त्याची चाळीस वर्षांची मास्तरकीची सवय. उमसुनाईचा वर केलेला हात थोडा वेळ तसाच हवेत राहिला, मग खाली आला, आणि तिनं वहीत एक शब्द लिहून घेतला. ती सगळंच लिहून घ्यायची. ‘उजवीकडचं बटण दाबू नये.’ ‘बंद करण्याआधी विचारतं, हो म्हणावं.’ तसंच आता, ‘नाहीत’.

पाच वाजता तो नदीमापन कार्यालयाच्या पायऱ्या उतरला आणि कोपऱ्यावरच्या एल्म झाडाखाली, पिंपवालीजवळ थांबला. सप्टेंबर अर्धा सरला होता, तरी तिची पिंपं अजून रस्त्यावर होती. त्यानं एक पेला माक्सिम, म्हणजे जवाचं आंबवलेलं उन्हाळी पेय, मागितलं. आंबट, जाडसर घोट घशाखाली उतरला. दातांत भरडलेल्या जवाचा कण अडकला. पिंपवालीनं फडक्यानं तोटी पुसत, त्याच्याकडं न बघता, थोरल्या भावाला विचारावं तसं विचारलं, “आणखी काही, बाइके?” तो म्हणाला, “नाही.” आणि पेल्याचा हात ओठांशी थांबला. किती झटकन आलं ते. कुणी काही विचारलं की ‘नाही’ कसं जिभेच्या टोकावर तयार असतं, जसा दाराशी कोट टांगलेला असतो, बाहेर पडताना न बघता हात घालावा. आणि त्याच क्षणी त्याला उमसुनाईचा हवेत थांबलेला हात दिसला. वर्गात तो त्याला दिसला नव्हता. तो फळ्याकडं बघत होता. पण आता दिसला, अगदी नीट दिसला, करंगळी थोडी वाकलेली. पिंपवाली म्हणाली, “बाइके, पेला द्या ना, लोक खोळंबलेत.”

तो बसमध्ये चढला नाही. चालत निघाला. रस्त्याकडेच्या पाटात पाणी नव्हतं, नुसती पानं होती, आणि त्यांच्या कडेकडेनं तो चालला. आपण काय केलं हे त्याला अजून नीट कळलं नव्हतं, पण काहीतरी केलं एवढं कळलं होतं, आणि ही अवस्था त्याच्या ओळखीची होती. आयुष्यभर तो असाच होता. गोष्ट होऊन जायची, माणसं घरी जायची, आणि मग चालता चालता त्याला उलगडायचं की तिथं काय घडत होतं. त्याची बायको कुमुश म्हणायची, “तुमचं डोकं म्हणजे आपल्या चौकातलं घड्याळ. वेळ बरोबर दाखवतं, पण कालची.” तीही जाऊन सहा वर्षं झाली होती.

सरकारनं ठरवलं होतं की सगळ्या कचेऱ्यांतली जुनी सिस्टिम काढायची आणि नवी घालायची. नवी फुकट होती आणि आपली होती, म्हणजे निदान तिच्या पहिल्या पडद्यावर किरगिझ अक्षरं होती. तरुण पोरं येऊन ती भराभर घालून जात, पण लोकांना ती शिकवायची कुणी? कुणीतरी म्हणालं, तो शाळेतला म्हातारा आगाय आहे ना, तो चिडत नाही. एवढीच त्याची पात्रता. चिडत नाही. खरं तर तो चिडायला घाबरायचा. या कार्यालयात चौदा माणसं, चौदा संगणक. डोंगरातल्या चौक्यांवरून रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला फोन यायचा की पट्टीवर पाणी किती सेंटिमीटर, आणि तो आकडा इथं दाराजवळच्या टेबलावर लिहून घ्यायचा. ते टेबल उमसुनाईचं. ती दिवसपाळीची. रात्रपाळीला त्याच टेबलावर, त्याच संगणकावर कासीमाली बसायचा. सोळा वर्षं. गेल्या वर्षी, पानगळ सुरू होताना, एका रविवारी कासीमाली घरी बागेत सफरचंदं उतरवत असताना खाली बसला तो उठलाच नाही. मग रात्रपाळी बंद झाली. आता रात्रीचे आकडे चौकीवरचं यंत्र आपोआप पाठवतं.

हे सगळं एसेनकुलला तालायनं पहिल्या दिवशी चहा पिताना सांगितलं होतं. तालाय कासीमालीच्या बायकोचा भाचा. “या पंचवीस तारखेला वर्षाचं जेवण आहे, आगाय. सगळं ऑफिस येणार, तुम्हीही यायचं. घोडा कापतोय. मावशीनं वर्षभर काळं नेसलं, त्या दिवशी उतरवायचं. मोकळी होईल बिचारी.” उमसुनाई त्या वेळी चहाचे कटोरे भरत होती. तिनं तालायचा कटोरा अर्धाच भरून दिला, म्हणजे मानानं दिला.

चिठ्ठ्या त्यानं पाहिल्या होत्या. हेच ते. चालता चालता एसेनकुल पाटाच्या कठड्यावर बसला. जुनी सिस्टिम पुसण्याआधी तो प्रत्येक यंत्र उघडून बघायचा, आणि दाराजवळच्या यंत्राच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पिवळ्या चौकोनी चिठ्ठ्या होत्या, एकीवर एक सरकवलेल्या, पत्त्यांसारख्या. दोनतीन त्यानं वाचल्या होत्या. वाचायच्या नव्हत्या, पण अक्षर दिसलं की त्याचे डोळे वाचत, त्याला इलाज नव्हता. ‘वरच्या चौकीचा म्हातारा आकडा दहानं वाढवून सांगतोय, पुन्हा विचार.’ ‘थर्मास भरलाय, झाकण घट्ट लावत जा.’ ‘तुझा घसा बसलाय, फोनवर कळलं. आज फार बोलू नकोस.’ त्याला वाटलं, पाळी बदलतानाचे निरोप. आणि अजून एक वाटलं होतं, ते आता आठवून त्याचे कान गरम झाले. त्याला वाटलं होतं, ही माणसं एकमेकांना ‘तू’ काय लिहितात. कार्यालयात सगळे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत. उमसुनाई कासीमालीचं नाव काढायची तेव्हा ‘ते’ म्हणायची, ‘त्यांनी ती खिडकी दुरुस्त केली होती’, असं. आणि पडद्यावर ‘तू’. मास्तराच्या मनानं त्या ‘तू’खाली लाल रेघ ओढली होती आणि तो पुढं गेला होता.

सोळा वर्षं. एक यायचा तेव्हा दुसरी जायची. सकाळी आठला पाच मिनिटं, संध्याकाळी आठला पाच मिनिटं, दारात, कोट घालताना, बाकीच्यांसमोर. “पाणी कसं आहे?” “चढतंय.” “तुम्ही जा आता, उशीर होईल.” एवढंच तोंडानं. आणि मग बारा तास त्याच खुर्चीत, दुसऱ्याच्या उबेत, दुसऱ्याची चिठ्ठी समोर. त्यांच्यात काही होतं का? एसेनकुलला ते माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची त्याला लाज वाटली. बहुधा काहीच नव्हतं. काहीच नव्हतं म्हणूनच तर. काही असतं तर त्याला नाव असतं, नावाला बदनामी असती, बदनामीला का होईना साक्षीदार असते. कासीमाली गेला तेव्हा त्याच्या अंगणात तंबू उभा राहिला असेल. आत त्याची बायको, मुली, बहिणी भिंतीकडं तोंड करून बसल्या असतील आणि येणाऱ्या प्रत्येकापुढं गाऊन रडल्या असतील, त्याचा एक एक गुण घेऊन, सूर लावून. तो हक्क त्यांचा. कचेरीतली बाई इतर कचेरीवाल्यांबरोबर मोटारीतून येते, विधवेच्या गळ्यात पडते, दोन टिपं गाळते, हात धुते, जेवते, उठते. त्यापेक्षा जास्त रडली तर लोक बघतात. मग उमसुनाई दुसऱ्या दिवशी सकाळी आठला येऊन त्या टेबलावर बसली असेल आणि संगणक चालू केला असेल. रात्रपाळी बंद झाल्यानं त्या चिठ्ठ्यांवर नवी चिठ्ठी आली नाही. वर्षभर रोज सकाळी तीच. तिचा तंबू तोच आणि भिंतही तीच.

आणि आपण ती पुसली. नियम होता की सरकारी माहितीचा प्रश्न आहे, डिस्क तीनदा पुसायची, म्हणजे कुणाला काही परत काढता येऊ नये. पुसण्याआधी ‘माझे दस्तऐवज’ तेवढं उतरवून घ्यायचं. चिठ्ठ्या तिथं नसतात. त्या यंत्राच्या पोटात एका आडवळणाच्या जागी असतात. त्याला ती जागा माहीत होती. माहीत होती! न माहीत असती तर निदान अडाणीपणाचा आसरा घेता आला असता.

पण मी विचारलं होतं, त्याच्या मनातला दुसरा माणूस म्हणाला. विचारलं होतंच. सगळ्यांना छापील फॉर्म दिला होता, पाच रकान्यांचा. कामाच्या फायली. पत्रव्यवहार. तक्ते. छायाचित्रं. आणि शेवटचा रकाना, ‘इतर काही असल्यास’. चौदा फॉर्म परत आले होते आणि चौदांवर शेवटच्या रकान्यात ‘नाही’ होतं. तो खूष झाला होता. चौदा वेगवेगळी वळणं, उत्तर एक. किती व्यवस्थित माणसं, असं वाटलं होतं त्याला. त्यालाच. ज्यानं जन्मभर त्या रकान्यात दुसरं काही लिहिलं नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली, सतरा वर्षांचा असताना, विद्यापीठाचा फॉर्म भरायला वडील त्याच्याशेजारी बसले होते. वडिलांना लिहिणं फारसं जमत नसे, पण फॉर्म कळायचा. बोट ठेवून ते म्हणाले, “इथं नाही लिही. इथंही. आणि इथं तर ठळक लिही.” तिथं छापलं होतं, परदेशात नातेवाईक असल्यास. एसेनकुल म्हणाला, “पण काका आहेत ना चीनमध्ये?” बत्तीस सालच्या उपासमारीत वडिलांचा थोरला भाऊ खिंड ओलांडून पलीकडं गेला होता. वडील तेव्हा सात वर्षांचे. त्यांना आजारी म्हणून अलीकडंच मावशीकडं ठेवलं होतं. भाऊ म्हणाला होता, हिवाळा गेला की न्यायला येतो. वडिलांनी एसेनकुलकडं पाहिलं, रागानं नव्हे, आणि म्हणाले, “कागदाला भाऊ नसतो रे.” त्यानं ठळक लिहिलं, नाही. शाईचा एक ठिपका पडला, तो त्यानं टिपला. मग नोकरीचा फॉर्म, पक्षाचा फॉर्म, घराचा फॉर्म, सगळीकडं नाही, नाही. लिहिता लिहिता त्याला स्वतःलाच वाटू लागलं की काका नव्हताच. चौऱ्याऐंशी साली, तो नुकताच शाळेत लागला होता, एक ट्रकवाला कुणाकडून कुणाकडं फिरत आलेलं एक पत्र घेऊन आला, जुन्या अरबी अक्षरांतलं. वडिलांनी ते चुलीपाशी बसून बोटानं जुळवत वाचलं. भाऊ चार वर्षांपूर्वी वारला होता. पत्र चुलीत गेलं. आई काही विचारणार तोच वडील कोपऱ्यात गेले, भिंतीकडं तोंड करून बसले, आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. शेजारी आले. त्यांनी विचारलं, म्हाताऱ्याला काय झालं? वडील भिंतीलाच म्हणाले, “दात दुखतोय.” शेजाऱ्यांनी लवंग आणून दिली. त्यांनी ती चघळली. नसलेल्या भावासाठी कुणी तंबू उभारत नाही, म्हणून माझ्या बापानं दात पुढं केला, असं एसेनकुलला कितीतरी वर्षांनी कळलं, आणि तेव्हा बापही नव्हता.

हे सगळं माहीत असलेला माणूस चौदा ‘नाही’ बघतो आणि खूष होतो. सरकारी यंत्रावर खासगी काही ठेवलं तर मेमो मिळतो, हे कुणाला ठाऊक नाही? आणि ते नसतं तरी उमसुनाईनं काय लिहायचं होतं त्या रकान्यात? तालाय पलीकडच्या टेबलावर. तिनं काय लिहायचं होतं? विचारायचं तर तिला एकटीला विचारायचं, चहाच्या वेळी, दुसरीकडं बघत, “एजे, त्या कोपऱ्यातल्या चिठ्ठ्या कुठं ठेवू?” असं. म्हणजे तिला उत्तरच द्यायला लागलं नसतं. नुसता हात दाखवला असता. पण बायकांशी एकटं बोलायचं म्हटलं की तो शब्द विसरायचा, साठी उलटून गेली तरी, म्हणून त्यानं फॉर्म छापला होता.

घरी आल्यावर बूट न काढताच तो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. मग एकदम उठला. पुठ्ठे! त्याच्याकडं पुठ्ठे होते. श्याऐंशी साली शाळेत संगणक हा विषय आला तेव्हा शाळेत संगणक नव्हता. पुस्तक आलं होतं, यंत्र आलं नव्हतं. एसेनकुलनं मुलांकडून पुठ्ठ्यावर बटणं काढून घेतली, तीस मुलांचे तीस पुठ्ठे, आणि मुलं त्या पुठ्ठ्यांवर बोटं मारायची आणि तो फळ्यावर लिहायचा की आता पडद्यावर काय आलं असतं. तीन वर्षं त्यानं असं शिकवलं. खरं यंत्र आलं त्या दिवशी मुलं पांगली होती आणि देश मोडायला आला होता. पण पुठ्ठ्यावरची श्रद्धा त्याची गेली नाही. आताही प्रत्येक कार्यालयासाठी तो पुठ्ठे करायचा. डावीकडं जुन्या पडद्याचं चित्र छापून चिकटवायचं, उजवीकडं नव्याचं, मध्ये बाण. हे होतं ते इथं गेलं. घाबरायचं कारण नाही. आणि या कार्यालयाच्या पुठ्ठ्यासाठी त्यानं जुन्या पडद्याचं चित्र दाराजवळच्या यंत्रावरून घेतलं होतं, कारण छपाईचं यंत्र त्याच्या शेजारी होतं.

पुठ्ठा पिशवीतच होता. त्यानं तो टेबलावर उताणा केला, पाव बाजूला सारला, दिवा लावला, चष्मा पुसला. होत्या. उजव्या कोपऱ्यात चिठ्ठ्या होत्या, आगपेटीएवढ्या. वरच्या तीनचार वाचता येत होत्या, खालच्यांच्या नुसत्या कडा. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग त्याला दिसलं की सगळ्यात वरच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलीची जाड फुली आहे, आणि शेजारी त्याच्याच सुवाच्य मास्तरी अक्षरात लिहिलंय, ‘हे आता नाही’.

पहिल्या दिवशी हा पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो वर्गासमोर फिरला होता. सगळ्यांना दिसावं म्हणून सावकाश. पहिल्या रांगेत ती होती.

त्यानं खोडरबर आणला. हळू घासलं. लाल रंग फिकट झाला, पसरला, गुलाबी झाला. अजून घासलं. कागदाची लव निघाली आणि तिच्याबरोबर शाई. एक शब्द गेला. दोन शब्द गेले. तो थांबला. आपण ज्याला हात लावतो ते आपल्या काळजीनंच बिघडतं, हे त्याला पहिल्यांदा कळत नव्हतं. कुमुशचं औषध तो मोजून मोजून द्यायचा, चमचा उजेडात धरून, आणि ती म्हणायची, “द्या की एकदाचं. तुमचं मोजून होईस्तोवर मी मरेन.” गंमतीत म्हणायची. चिठ्ठीतला ‘पाणी’ हा शब्द शिल्लक होता. बाकी गुलाबी धुकं.

दुसऱ्या दिवशी तो साडेसातलाच कार्यालयात पोचला. उमसुनाई आली होती. तिनं खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं होतं, थर्मास भरून टेबलावर ठेवला होता. थर्मास मोठा होता, दोघांचा. नव्या सिस्टिमचा स्वच्छ निळा पडदा तिच्यासमोर उघडा होता आणि ती त्याच्याकडं हात मांडीवर ठेवून बघत बसली होती, जसं परक्याच्या घरी बसतात. एसेनकुल तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, पण सगळं कार्यालय तिला एजे म्हणायचं म्हणून तोही म्हणायचा. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

“एजे, माझ्याकडून एक चूक झाली.”

“बसा ना आगाय. चहा घ्या.”

“चिठ्ठ्या परत येणार नाहीत. पुसताना मी बघितल्या होत्या. म्हणजे दिसल्या होत्या. मला समजायला हवं होतं.”

उमसुनाईनं कटोरा अर्धा भरून त्याच्यापुढं सरकवला. “तुम्ही फॉर्म दिला होता की. मी नाही लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं.”

“तो फॉर्मच चुकीचा होता.”

“फॉर्म कधी चुकीचा असतो का?” ती म्हणाली, आणि किंचित हसली. “मला वाटलं, हा आगाय हुशार आहे, आपोआप जाईल सगळं इकडून तिकडं. पुठ्ठ्यावर फुली बघितली तेव्हाही वाटलं, असेल काही, शिकवण्यापुरतं. मग दोन दिवस शोधलं. इथं सगळीकडं उघडून बघितलं. ते उजवीकडचं बटणसुद्धा दाबलं.”

त्यानं पिशवीतून पुठ्ठा काढला. रात्री त्यानं उजवीकडचं नव्या पडद्याचं चित्र कापून टाकलं होतं, बाण कापला होता, आपलं अक्षर कापलं होतं. उरलेला तुकडा पोस्टकार्डाएवढा. तो तिच्यापुढं ठेवताना तो म्हणाला, “वरची मी घासली. वाचता येत नाही. मी फार… मला घासायला नको होतं.”

तिनं चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग त्या गुलाबी धुक्यावर बोट ठेवून, एसेनकुलच्या वडिलांनी फॉर्मवर ठेवलं होतं तसं, न अडखळता वाचून दाखवावं तसं ती म्हणाली, “पाणी उतरतंय. घाई करू नकोस. तू निवांत ये.”

बाहेर कुणीतरी पायऱ्या झाडत होतं, झाडूचा आवाज येत होता. तिनं तो तुकडा पालथा घातला, पुन्हा उताणा केला.

“शनिवारी सकाळचं आहे हे,” ती म्हणाली. “मला सोमवारी लवकर यायचं होतं, म्हणून त्यांनी लिहून ठेवलं. मग रविवारी…” तिनं वाक्य सोडून दिलं. मग एकदम, दुसऱ्याच आवाजात, “तुम्हाला मीरगुलला कागद द्यायचाय ना आज? सिस्टिम बदलल्याचा?”

“हो. त्यात रकाना आहे. बदलताना काही गहाळ झालं असल्यास. मी लिहिणार आहे, एजे. माझी चूक आहे, मी माझ्या नावानं लिहिणार. शिकवणी गेली तरी…”

“आणि काय लिहिणार?”

तो टोपीची कड बोटांत फिरवू लागला.

“चिठ्ठ्या, असं लिहिणार? मग वरून विचारतील, कुणाच्या, कसल्या. तालाय विचारेल. घरी जाऊन मावशीला सांगेल. आठ दिवसांवर जेवण आहे त्यांचं.” तिनं त्याच्या खिशातला पेन उघड उघड काढून घेतला आणि त्याच्या हातात दिला. “नाही लिहा, आगाय. त्या बाईनं वर्षभर काळं नेसलंय. तिला मोकळं होऊ दे. लिहा, नाही.”

एसेनकुलनं कागद काढला. थर्मासच्या शेजारी ठेवून, शेवटच्या रकान्यात, त्यानं लिहिलं. आयुष्यात इतक्या वेळा लिहिलेला शब्द, पण या वेळी तो लिहायला वेळ लागला. पहिल्यांदाच त्याला माहीत होतं की त्या शब्दामागं कोण उभं आहे. सही केली. पेनचं टोपण लावलं.

उमसुनाईनं पुठ्ठ्याचा तुकडा उचलला. खुर्ची हळूच मागं घेतली, वळवली, आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली. भिंतीवर काही नव्हतं, जुन्या दिनदर्शिकेचा खिळा तेवढा होता. तिच्या रुमालाची गाठ मानेवर होती आणि खांदे हलत नव्हते. आवाज नव्हता. पण एसेनकुलनं आयुष्यात एकदा तशी पाठ पाहिली होती. तो उठून तिच्या आणि दाराच्या मध्ये जाऊन उभा राहिला, इतका अवघडून की टोपी हातात आहे हेही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

मीरगुल आत डोकावली. तिच्या मागून तालायची शीळ ऐकू येत होती. “आगाय, कागद झाला का? आणि एजेंना काय झालं?”

“दात दुखतोय त्यांचा,” एसेनकुल म्हणाला. तो इतक्या मोठ्यानं कधी बोलला नव्हता. “बसू दे थोडा वेळ. कुणी काही विचारू नका. आणि वर्ग आज वरच्या खोलीत घेऊ, सगळ्यांना वर घेऊन जा.”

“अगं बाई. लवंग आहे माझ्याकडं, देऊ?”

“द्या,” तो म्हणाला. मीरगुलनं पर्स धुंडाळून लवंग दिली, कागद घेतला, शेवटच्या रकान्यावरून नजर फिरवली, मान हलवली आणि दार ओढून गेली. एसेनकुलनं लवंग टेबलाच्या कडेला, तिच्या हाताला लागेल अशी ठेवली.

तेवढ्यात आठ वाजले आणि फोन वाजला. ती वळली नाही. तो वाजत राहिला. एसेनकुलनं कुणाच्या जागी बसायचं नाही असं ठरवल्यासारखं उभ्यानंच रिसिव्हर उचलला. पलीकडं वाऱ्याचा आवाज होता आणि एक म्हातारा, डोंगरातल्या माणसासारखा ओरडून बोलणारा. “एजे कुठंयत? तुम्ही कोण?”

“मी… शिकवणारा. त्यांचा दात दुखतोय. मला सांगा.”

“मग लिहा. एकशे एकतीस. कालच्यापेक्षा नऊनं कमी. त्यांना सांगा, पाणी उतरतंय.”

त्यानं एका बोटानं, एक एक बटण बघून दाबत, नव्या पडद्यावर आकडा घातला. एक, तीन, एक. मग यंत्रानं विचारलं, जपून ठेवू का, आणि त्यानं हो म्हटलं.